पक्ष्यांचे सलीम अली आणि भरतपूरचे पाणी

यंदाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्या, असा निरोप मंडळाच्या चिटणीसांकडून आला. लोकमान्य, सावरकर, सानेगुरुजी, बाबा आमटे ही नावे दरवर्षी कोणी ना कोणी घेतोच, आणि घ्यायलाच हवीत. मी सलीम अलींचे नाव सुचवले, तेव्हा एकदोघांनी विचारले की, पक्ष्यांचा माणूस आणि तुमचे रूळ-पूल यांचा काय संबंध? संबंध आहे. कोट्याला बदली होण्यापूर्वी माझी काही वर्षे भरतपूर-बयाना पट्ट्यात गेली. पावसाळ्याआधी पुलांची तपासणी करायची, पुराची सर्वोच्च पातळी दाखवणारी खूण खांबावर नव्याने रंगवायची, आणि मग सबंध पावसाळा वाट पाहायची. पाणी त्या खुणेच्या जवळपाससुद्धा यायचे नाही. नद्या कागदावर होत्या, पुलाखाली वाळू होती. त्याच पाण्यावर जवळच एक जगप्रसिद्ध पक्षी अभयारण्य जगते हे मला तिथे कळले, आणि त्या निमित्ताने सलीम अलींचे चरित्र मी मुळापासून वाचून काढले.

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. घर सुलेमानी बोहरा समाजातले, व्यापारी. भावंडांत हे सर्वांत धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई. मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांना मूलबाळ नव्हते. त्यांनी खेतवाडीच्या घरात या सगळ्या पोरक्या भावंडांना सांभाळले. गिरगाव-खेतवाडीची चाळ ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको, की पक्षितज्ज्ञ घडावा अशी ती जागा नव्हे. पण मामांना शिकारीचा शौक होता आणि भाच्याच्या हाती छर्ऱ्यांची छोटी बंदूक होती.

दहाएक वर्षांच्या सलीमने त्या बंदुकीने एक चिमणी पाडली. उचलून पाहतो तो गळ्यावर पिवळा ठिपका. रोजच्या चिमणीला असा ठिपका नसतो. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मानद चिटणीस मिलर्ड यांच्याकडे चिठ्ठी देऊन पाठवले. ही सोसायटी १८८३ मध्ये स्थापन झालेली, तेव्हा मुख्यतः साहेबांची. मिलर्ड साहेबांनी पोराला हाकलून दिले नाही. पिवळ्या गळ्याची ती रानचिमणी ओळखून दिली, कपाटे उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी दाखवले, वाचायला पुस्तके दिली. एका चिटणीसाने एका मुलाला दिलेला तो वेळ देशाला केवढा उपयोगी पडला! (आपल्या चिटणीसांनीही बालविभागाच्या बाबतीत हे ध्यानात ठेवावे, एवढे जाता जाता.)

शिक्षणात मात्र गाडी सतत रुळावरून घसरत राहिली. डोकेदुखीच्या आजाराने शाळा सुटली, हवापालटासाठी सिंधमध्ये राहावे लागले. १९१३ मध्ये मॅट्रिक कशीबशी पार पडली. पुढे कॉलेज सोडून ते ब्रह्मदेशात तव्हॉयला भावाच्या धंद्यात गेले. तिथे टंगस्टनच्या खाणी आणि लाकडाचा व्यापार होता. धंद्यापेक्षा जंगलातच त्यांचे लक्ष जास्त. १९१७ मध्ये परत आल्यावर दावर कॉलेजात व्यापारी कायदा आणि हिशेब शिकायला लागले. तेव्हा सेंट झेवियर्सचे फादर ब्लॅटर यांनी त्यांचा खरा ओढा ओळखला आणि त्यांना प्राणिशास्त्राकडे वळवले. तो अभ्यासक्रम झाला, पण विद्यापीठाची रीतसर पदवी कधीच मिळाली नाही. पुढे झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियामध्ये पक्षितज्ज्ञाची जागा निघाली, ती पदवी नाही म्हणून हुकली. नावामागचे डॉक्टर हे बिरूद अलीगढ, दिल्ली आणि आंध्र विद्यापीठांनी नंतर सन्मानाने दिलेले आहे. आम्हा डिप्लोमावाल्यांना ही गोष्ट विशेष जवळची वाटते. कागदावर एक पायरी कमी असलेल्या माणसाला काम येत असूनही कुठे कुठे थांबावे लागते, हे आमच्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे.

१९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये निसर्गविभागात मार्गदर्शक-व्याख्याता म्हणून नोकरी लागली, पगार महिना ३५० रुपये. दोन वर्षांत ते रजा घेऊन बर्लिनला गेले आणि तिथल्या संग्रहालयात प्रोफेसर स्ट्रेसमान यांच्या हाताखाली शिकले. स्ट्रेसमान त्या काळी पक्षिशास्त्रातले फार मोठे नाव. मेलेल्या पक्ष्याची कातडी मोजण्यापेक्षा जिवंत पक्षी कसा वागतो हे पाहण्याची दृष्टी त्यांना तिथे लाभली. १९३० मध्ये शिकून परत आले, तर पैशाअभावी संग्रहालयाने ती जागाच रद्द केलेली! वय ३४, लग्न झालेले, नोकरी नाही.

अशा वेळी माणूस काय करेल? सलीम अली पत्नी तहमिना यांच्यासह अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले. घराजवळ सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. पावसाळ्याचे महिने त्यांनी त्या घरट्यांसमोर शिडीवर आडोसा करून काढले. सुगरण आपल्याकडे बहिणाबाईंमुळे घराघरांत माहीत आहे, आणि नावावरून आपण सगळे श्रेय मादीला देतो. किहीममध्ये जे दिसले ते वेगळेच. घर बांधतो तो नर. अर्धे बांधकाम झाले की माद्या येऊन आत शिरून पाहणी करतात. एखादीला पसंत पडले तर ती तिथे राहते, आणि मगच नर उरलेले काम, प्रवेशाची नळी वगैरे, पुरे करतो. ती अंडी उबवायला बसली की हा पठ्ठ्या शेजारी दुसरे घर बांधायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. हे सारे त्यांनी सोसायटीच्या नियतकालिकात नोंदींसह प्रसिद्ध केले आणि जगभरच्या तज्ज्ञांनी त्यांचे नाव लक्षात ठेवले. बेकारीच्या काळात, मुंबईहून एका होडीच्या अंतरावर, हे काम झाले.

नंतर त्यांनी संस्थानांकडे एक प्रस्ताव पाठवला: मेहनताना नको, फक्त तळाचा आणि प्रवासाचा खर्च द्या, तुमच्या राज्यातल्या पक्ष्यांची पाहणी करून देतो. हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन अशी एकेक संस्थाने त्यांनी तंबू ठोकत पालथी घातली. तहमिना प्रत्येक मुक्कामात सोबत असत. तळाची व्यवस्था, हिशेब, शिवाय नवऱ्याचे इंग्रजी लेखन घासूनपुसून घेणे ही कामे त्यांनी केली. सुखवस्तू घरातली, विलायतेत वाढलेली ही बाई त्यांच्याबरोबर रानात राहिली. १९३९ मध्ये एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर रक्तात विष भिनून त्या गेल्या. सलीम अलींनी पुन्हा लग्न केले नाही. बहीण आणि मेहुण्यांच्या घरी राहून काम चालू ठेवले.

१९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक निघाले. रंगीत चित्रे, सोपी भाषा, सामान्य माणसाला पक्षी ओळखता यावा असे. पंडित नेहरूंनी डेहराडूनच्या तुरुंगातून हेच पुस्तक मुलीला पाठवले होते, आणि त्यातून इंदिराबाईंना पक्ष्यांची गोडी लागली. पुढे ही गोष्ट अनेक पाणथळींच्या कामी आली. स्वातंत्र्यानंतर साहेब मंडळी निघून गेली, सोसायटीची तिजोरी रिकामी झाली, तेव्हा नेहरूंकडे शब्द टाकून मदत मिळवणारे सलीम अलीच. अमेरिकन शास्त्रज्ञ डिलन रिप्ली यांच्यासह त्यांनी भारत-पाकिस्तानच्या पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ केला. तो १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाला. पहिला खंड आला तेव्हा ते सत्तरी ओलांडलेले होते.

मोटारसायकलींचा उल्लेख केल्याशिवाय पुढे गेलो तर वर्कशॉपमधले मित्र मला माफ करणार नाहीत. या माणसाला यंत्रांचे भयंकर वेड. हार्ले-डेव्हिडसन, डग्लस, स्कॉट, सनबीम, काय काय चालवले! १९५० मध्ये स्वीडनला पक्षिशास्त्राच्या जागतिक परिषदेला जाताना त्यांनी आपली सनबीम बोटीवर चढवली आणि ५३ व्या वर्षी युरोपभर ती फिरवली. फ्रान्समध्ये थोडे लागले, जर्मनीच्या दगडी रस्त्यांवर पडझड झाली, पण परिषदेला गाडीवरूनच हजर.

आता भरतपूर.

भरतपूरचे केवलादेव, तिकडच्या लोकांच्या तोंडी नुसते घना, हे निसर्गाने आयते दिलेले तळे नाही. ते बांधलेले आहे, आणि माझ्यासारख्याला त्याचेच जास्त कौतुक. गंभीर आणि बाणगंगा या दोन नद्यांच्या पुराचे पाणी अडवण्यासाठी महाराजा सूरजमलच्या काळात, अठराव्या शतकात, अजान बांध घातला गेला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संस्थानाने खोलगट जागेत मातीचे बंधारे, कालवे आणि दारे बांधून पाणी भागाभागांत खेळवले. हेतू पक्षी वाचवण्याचा नव्हता. बदकांची शिकार करण्याचा होता. व्हाइसरॉय आणि राजेरजवाड्यांसाठी तिथे मोठमोठ्या शिकारी होत, आणि कोणी किती पक्षी मारले त्याचा हिशेब दगडावर कोरून ठेवला आहे. आजही आत गेल्यावर तो वाचता येतो. सर्वांत मोठा आकडा व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीचा: एका दिवसात ४,२७३ पक्षी. तारीख १२ नोव्हेंबर १९३८. सलीम अलींचा बेचाळिसावा वाढदिवस. हा निव्वळ योगायोग, पण ती तारीख वाचून मी तिथे बराच वेळ उभा राहिलो.

सलीम अलींना शिकारीचा सरसकट तिटकारा नव्हता, हेही सांगितले पाहिजे. अभ्यासासाठी त्यांनी स्वतः पुष्कळ पक्षी मारले. त्या काळी नमुना हातात आल्याशिवाय नोंद पक्की मानत नसत. राजाच्या शौकामुळे का होईना, ते पाणी टिकले हे त्यांना दिसत होते. खरा धोका स्वातंत्र्यानंतर उभा राहिला. आसपासच्या शेतकऱ्यांची मागणी आली की झील आटवा, जमीन वाटून द्या आणि बांधाचे पाणी शेताला सोडा. मागणी खोटी नव्हती. भुकेचे दिवस होते, धान्य बाहेरून येत होते. अशा वेळी बदकांसाठी पाणी राखा म्हणणे सोपे नव्हते, लोकप्रिय तर मुळीच नव्हते. सलीम अलींनी नेहरूंपर्यंत जाऊन बाजू मांडली आणि झील वाचली. १९५६ मध्ये तिथे पक्षी अभयारण्य झाले, तरी महाराजांचा शिकारीचा हक्क १९७२ पर्यंत राहिला. एक पायरी, मग दुसरी, अशी ही वाटचाल आहे.

त्यांनी या जागेचा वापर कसा केला तेही पाहण्यासारखे. साठच्या दशकात सोसायटीने इथे हजारो स्थलांतरित पक्ष्यांच्या पायात कडी अडकवली. जागतिक आरोग्य संघटनेला शंका होती की पक्ष्यांबरोबर रोगही प्रवास करतात. त्या निमित्ताने पैसा मिळाला. पक्षी धरायला बिहारमधले मीरशिकार आणले. पिढ्यान् पिढ्या जाळी लावून पक्षी पकडून विकणारी ही जमात. त्यांची विद्या सलीम अलींनी शास्त्राच्या कामाला लावली. पक्ष्याला इजा न करता अलगद धरणे त्यांच्याइतके कोणत्याही पदवीधराला जमत नसे. कड्यावर क्रमांक आणि सोसायटीला कळवण्याची विनंती असे. मग दूर रशियात, सायबेरियात कुणाला ते कडे सापडले की मुंबईला खबर येई. भरतपूरच्या उथळ पाण्याचा संबंध कुठवर पोचतो, हे अशा एकेका पत्राने सिद्ध होत गेले. १९८१ मध्ये केवलादेव आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेले, पुढे राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९८५ मध्ये जागतिक वारसास्थळ.

यापुढचा भाग गौरवाच्या लेखात सहसा येत नाही. पण तो वगळला तर सलीम अली अर्धेच कळतील.

उद्यान झाल्यावर म्हशींची चराई बंद करायची ठरली. आसपासच्या गावांची गुरे वर्षानुवर्षे तिथे चरत आली होती. चराईने पाणथळीची नासाडी होते असे सलीम अलींचे ठाम मत होते, आणि त्यांच्या शब्दाला दिल्लीत वजन होते. नोव्हेंबर १९८२ मध्ये बंदी अमलात आली. पर्यायी चाऱ्याची पुरेशी सोय झालेली नव्हती. गावकरी संतापले, गोळीबार झाला आणि त्यात माणसे गेली. पक्ष्यांच्या नावावर हे रक्त आहे, आणि भरतपूरच्या आसपासची म्हातारी माणसे ते विसरलेली नाहीत.

त्याआधीच, १९८० पासून, सोसायटीने केवलादेवचा दहा वर्षांचा अभ्यास हाती घेतला होता. पाणी, गवत, मासे, पक्षी, गुरे, सगळ्यांच्या नोंदी दर ऋतूला. बंदीनंतर त्या नोंदी उलटेच सांगू लागल्या. म्हशी चरायच्या थांबल्यावर पाण्यातले एक गवत बेसुमार माजले. त्याने मोकळे पाणी झाकून टाकले. माशांना आणि बदकांना जागा उरेना. म्हशी त्या गवताला आवर घालत होत्या. म्हणजे ज्या जनावराला शत्रू समजून बाहेर काढले ते त्या व्यवस्थेचा भाग होते. हा निष्कर्ष अंतिम अहवालात स्पष्ट मांडला गेला, तोही सलीम अलींच्याच संस्थेकडून. तो पुरा व्हायच्या आधी ते वारले होते. पुढे गावकऱ्यांना गवत कापून न्यायची परवानगी मिळू लागली.

काही जण यावरून सलीम अलींना मोडीत काढतात. मला तसे वाटत नाही. मोजमाप करा, वर्षानुवर्षे करा, आणि आकडा जे सांगेल ते लिहा, ही शिस्त त्या संस्थेला त्यांनीच लावली होती. ती इतकी पक्की बसली की त्यांच्याविरुद्ध निकाल देतानाही तिचा हात कापला नाही. आमच्या खात्यात पुलाची नोंदवही असते. मोठ्या साहेबाने पूल ठीक आहे असे म्हटले म्हणून तडा गेलेला गर्डर वहीत धडधाकट होत नाही. मात्र गेलेल्या माणसांचा हिशेब कोणत्याही वहीत बसत नाही, हेही तितकेच खरे.

नदीच्या बाजूने उभे राहण्याचा दुसरा प्रसंग केरळातला. पालघाट जिल्ह्यात कुंतीपुळा नदीवर सायलेंट व्हॅलीत धरण बांधून वीज काढायची योजना होती. पश्चिम घाटातले ते सदाहरित जंगल, सिंहपुच्छ वानराचे घर. केरळातल्या शिक्षकांनी आणि शास्त्र साहित्य परिषदेने आंदोलन पेटवले. सलीम अलींनी ऐंशीच्या आसपासच्या वयात ते खोरे पाहून प्रकल्प रद्द करण्याची विनंती केली. निर्णय अखेर इंदिराबाईंपाशी आला. प्रकल्प बारगळला आणि १९८४ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. कुंतीपुळा त्या खोऱ्यातून आजही धरणाशिवाय वाहते.

मानसन्मान खूप झाले. १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण, त्याच वर्षी गेटी पारितोषिक. त्याची रक्कम त्यांनी निसर्गरक्षणाच्या निधीसाठी दिली. १९८५ मध्ये राष्ट्रपतींनी त्यांना राज्यसभेवर नेमले. १९८६ च्या जानेवारीत, शतकभर नाहीसा मानलेला जेर्डनचा धाविक पक्षी आंध्रात त्यांच्या सोसायटीच्या लोकांना पुन्हा सापडला. ते पाहण्याइतके आयुष्य त्यांना मिळाले, याचा मला फार आनंद वाटतो. १९८७ मध्ये नव्वदाव्या वर्षी कर्करोगाने ते गेले. कोईमतूरची पक्षिविज्ञान संस्था त्यांच्या नावाने आहे, आणि मराठवाड्यातल्या आपल्या माणसांना छत्रपती संभाजीनगरचे सलीम अली सरोवर ठाऊक असेलच.

भरतपूरचे पाणी मात्र पुन्हा अडचणीत आले. करौली जिल्ह्यातल्या पाचना धरणामुळे गंभीर नदीचे पाणी वरच अडू लागले. तिथल्याही शेतकऱ्याला ते हवेच आहे. प्रश्न पन्नास सालचाच, फक्त गाव बदलले. घनाला वर्षाला सुमारे ५५० दशलक्ष घनफूट पाणी लागते असा हिशेब आहे. २००४ नंतरच्या काही वर्षांत त्याचा फार थोडा वाटा पोचला, पक्ष्यांची वसाहत ओस पडली. साठच्या दशकात दोनशेच्या आसपास येणारे सायबेरियन क्रौंच आधीच घटत आले होते, २००२ च्या हिवाळ्यानंतर ते दिसलेच नाहीत. पुढे गोवर्धन नाल्याचे पुराचे पाणी आणि धौलपूरकडून नळाने चंबळचे पाणी द्यायची व्यवस्था झाली. चंबळ, म्हणजे आपल्या कोट्याची चंबळ. बराजवरून रोज आपण जी ओलांडतो तीच. पाऊस बरा झाला आणि ही दोन्ही पाणी वेळेवर पोचली की बाभळींवर चित्रबलाकांची घरटी पुन्हा गच्च भरतात.

ज्यांना जायचे असेल त्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात जावे. कोट्याहून मथुरेकडे जाणाऱ्या पुष्कळ गाड्या भरतपूरला थांबतात. आत सायकलरिक्षा करावी. रिक्षावाल्यांना पक्ष्यांची नावे इंग्रजीतसुद्धा पाठ असतात, आणि त्यांची नजर आपल्या दुर्बिणीपेक्षा तेज असते. केवलादेवाच्या देवळापाशी उतरून तो शिकारीच्या हिशेबाचा दगडही पाहावा.